पाणथळ संशोधन केंद्र चालवतं कोण? मनुष्यबळाचा तक्ता भरण्याआधी

प्रश्न एका विद्यापीठातल्या पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे. विद्यापीठाच्या आवाराला लागून जुना तलाव आणि भोवतीची दलदल आहे, सगळी मिळून बारा-तेरा एकर. तिथे पाणथळ संशोधन केंद्र काढायला कुलगुरू अनुकूल आहेत. प्रस्तावात मनुष्यबळाचा तक्ता भरायचा आहे आणि त्यांनी पहिला मसुदा असा केलाय: संचालक एक, शास्त्रज्ञ चार, जेआरएफ (म्हणजे शिष्यवृत्तीवर पीएचडी करणारे संशोधक) सहा, कारकून एक, शिपाई एक. परदेशी विद्यापीठांत अशी केंद्रं प्रत्यक्षात कोण चालवतं आणि हा तक्ता पुरेसा आहे का, असं त्यांनी विचारलंय.

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका विद्यापीठाच्या पाणथळ केंद्रावर बरीच वर्षं साइट मॅनेजर होते. परत आल्यापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या तलावांवर काम करते. उत्तर थोडं लांबेल, कारण मधली कारणं सांगितल्याशिवाय नुसता सुधारलेला तक्ता देऊन उपयोग नाही.

तुमच्या तक्त्यात माणसं कमी नाहीत. पण तेरा जणांमध्ये पाण्याकाठचं काम हेच ज्याचं मुख्य काम आहे, असं एकही पद नाही. खरा प्रश्न मी असा विचारेन: आजपासून दहा वर्षांनी, ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी पहाटे साडेपाचला तलावावर जाऊन नोंद कोण घेणार? तोवर सहाही जेआरएफ पीएचडी करून निघून गेलेले असतील. शास्त्रज्ञांपैकी कुणी दुसऱ्या विद्यापीठात गेलेलं असेल, संचालक निवृत्त झालेले असतील. त्या रविवारच्या रकान्यात तुम्हाला आज एक पद लिहिता आलं पाहिजे, आणि ते पद कायम हवं.

पहाटच का, ते सांगते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हे पाणथळीचं फार बोलकं मोजमाप आहे. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ ऊन घेऊन प्राणवायू सोडतात, त्यामुळे तो चढत जातो आणि दुपार कलताना सर्वांत जास्त असतो. रात्री ऊन नाही, पण वनस्पती, मासे, गाळातले जिवाणू सगळे श्वास घेतच असतात. म्हणून तो रात्रभर उतरतो आणि सूर्योदयाच्या सुमारास तळ गाठतो. तलावात मासे मरून तरंगलेले सकाळी दिसतात ते बहुधा यामुळेच. आता तुमचा माणूस बायोमेट्रिकवर अंगठा लावून, चहा घेऊन, अकरा वाजता तलावावर पोचला, तर त्याला मधलाच कुठला तरी आकडा मिळेल. वर्षभर रोज अकराला इमानेइतबारे मोजलं तरी पाणी रात्री गुदमरतं की नाही, हे कळणार नाही. म्हणजे नेमणुकीच्या अटी, कामाच्या वेळा आणि राहण्याची सोय या कुलसचिव कार्यालयातल्या बाबी थेट तुमच्या विज्ञानात उतरतात.

यावर हमखास उत्तर येतं की सेन्सर बसवू, तो रात्रभर मोजेल. बसवाच. पण आपल्याकडच्या कोमट, खतावलेल्या पाण्यात उन्हाळ्यात काही दिवसांतच सेन्सरच्या टोकावर शेवाळाचा चिकट थर चढतो आणि आकडे हळूहळू सरकायला लागतात. एकदम बिघडले तर लक्षात तरी येतं. हळूहळू सरकले की आलेखात ते ऋतुबदलासारखे दिसतात. आमच्या केंद्रावरचा तंत्रज्ञ सेन्सर बाहेर काढला की आधी तसाच, न पुसता, ताज्या पाण्याच्या बादलीत धरायचा आणि आकडा लिहायचा. मग मऊ ब्रशनं टोक साफ करून त्याच बादलीत पुन्हा धरायचा, दुसरा आकडा लिहायचा. मग कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाशी सेन्सरचा आकडा जुळवून घेणं, मग तिसरा. वहीत तीन आकडे, वेळ, सही. पहिल्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे शेवाळानं केलेली फसवणूक, आणि तेवढी दुरुस्ती मागच्या नोंदींना लावता येते. हे तीन आकडे नसतील तर महागड्या यंत्रातून निघालेल्या हजारो नोंदी वापरायच्या कशा, याला उत्तर राहत नाही. हे काम अवघड नाही. ते न कंटाळता, दर वेळी त्याच क्रमानं करणारा माणूस मिळणं आणि टिकणं अवघड आहे. दर अकरा महिन्यांनी एजन्सीमार्फत नवा मुलगा आला, तर तो शिकेपर्यंत त्याचा करार संपलेला असतो.

परदेशात कोण चालवतं, याचं एक चांगलं नोंदलेलं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात ओहायो स्टेट विद्यापीठाचं ओलेंटॅन्जी नदीकाठचं पाणथळ संशोधन उद्यान आहे, साधारण 20 हेक्टरचं. पाणथळींचे अभ्यासक विल्यम मिट्श यांनी ते उभं केलं. तिथला गाजलेला प्रयोग कागदावर अगदी साधा आहे. प्रत्येकी 1 हेक्टरची, मूत्रपिंडाच्या आकाराची दोन तळी खोदली. मार्च 1994 पासून पंपानं नदीचं पाणी दोन्हींत सारख्याच प्रमाणात सोडायला सुरुवात झाली. मे 1994 मध्ये एका तळ्यात 13 जातींच्या सुमारे अडीच हजार पाणवनस्पती लावल्या. दुसऱ्यात काहीही लावलं नाही. वाऱ्यानं, पाण्यानं, पक्ष्यांनी जे येईल ते येऊ दिलं. प्रश्न असा की माणसानं लावल्यानं पुढे फरक पडतो का, की निसर्ग आपली घडी आपणच बसवतो?

तीन वर्षांनी पाहिलं तर बऱ्याच बाबतींत दोन्ही तळी सारखी झाली होती. प्रकल्प तीन वर्षांचा असता तर विषय तिथेच मिटला असता. पण नोंदी चालू राहिल्या आणि फरक पुन्हा दिसायला लागले. लावलेल्या तळ्यात वनस्पतींची विविधता जास्त राहिली, आपोआप उगवलेल्यात पाणकणसानं (उथळ पाण्यात उंच वाढणारी गवतासारखी वनस्पती) मुसंडी मारली आणि तिथली वाढ अधिक जोमदार झाली. मध्येच मस्करॅट, म्हणजे घुशीएवढे पाणउंदीर, एवढे माजले की त्यांनी पाणकणीस फस्त करून मोठा भाग उघडा पाडला. मग पुन्हा वाढ. पंधरा वर्षांच्या नोंदींवरचा लेख 2012 मध्ये आला आणि तेव्हा कुठे सगळं चित्र नीट समोर आलं.

आता या प्रयोगाकडे मनुष्यबळाच्या नजरेनं बघा. दोन्ही तळ्यांना पाणी सारखंच मिळालं पाहिजे, ही प्रयोगाची पहिली अट. नदी वाहील तसं पंपाचं प्रमाण कमी-जास्त करायचं, तेही वर्षभर, ओहायोच्या हिवाळ्यासकट. म्हणजे पंप सांभाळणारा माणूस हा त्या प्रयोगाचा पाया आहे. सुरुवातीच्या वर्षांत पाण्याच्या नोंदी दिवसातून दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी, हातानं घेतल्या जात. ते काम विद्यार्थी आणि कर्मचारी आळीपाळीनं करत. मिट्श यांना 2004 चं स्टॉकहोम जल पारितोषिक डेन्मार्कच्या स्वेन एरिक योर्गेन्सन यांच्याबरोबर मिळालं, 2008 मध्ये त्या जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. ते मानसन्मान योग्यच होते. पण त्या पाळ्या चुकल्या असत्या तर मिट्श यांच्या हातात तुलना करायला काहीच उरलं नसतं. 2012 मध्ये ते फ्लोरिडातल्या विद्यापीठात गेले. तळी आणि केंद्र कोलंबसमध्येच राहिलं. संस्थापक कधी ना कधी जातोच. तुमच्या तक्त्यात संचालकाला पाच वर्षांची मुदत आणि पहिल्या दिवसापासून एक उपसंचालक लिहा. दोघांपैकी एकाच्या निवृत्तीला अजून निदान पंधरा वर्षं असावीत.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतात आणि त्या पाहिल्याशिवाय मी पदांची संख्या सांगणार नाही.

पहिली, पाणी तुमच्या हातात आहे का. ओलेंटॅन्जीसारखं पंपानं किंवा दारानं पाणी ठरवता येत असेल, तर पंप, वीज, झडपा कळणारा माणूस पूर्ण वेळ हवा. नैसर्गिक चढउतार असेल तर तोच माणूस निम्म्या वेळात भागवेल आणि उरलेला वेळ नमुन्यांना देईल. दुसरी, पाणी कुणाच्या मालकीचं. जुना तलाव म्हणता, म्हणजे बहुतेक सिंचनाचा किंवा गावच्या पिण्याच्या पाण्याचा असेल. केंद्र सरकारच्या 2017 च्या पाणथळ नियमांत पिण्याच्या आणि सिंचनाच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव पाणथळीच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. त्यामुळे त्या कायद्याचं संरक्षण गृहीत धरू नका. आवर्तन, म्हणजे सिंचनाची पाळी, सुटलं की तुमची पातळी एका आठवड्यात फूटभर उतरू शकते, आणि ते तुम्हाला आदल्या दिवशी पाटकऱ्याकडूनच कळेल. गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात शेती, होत असेल, मच्छीमार सोसायटीकडे ठेका असेल, तर ती माणसंही हिशोबात धरा. तिसरी, तलाव बारमाही आहे की मार्चमध्ये कोरडा पडतो. कोरडा पडणाऱ्या तलावाला वाईट समजू नका. तिथे उन्हाळ्यात गाळाचा अभ्यास होतो, पण माणसांचं कौशल्य वेगळं लागतं.

आता एकेका भूमिकेबद्दल.

साइट मॅनेजर, किंवा क्षेत्र व्यवस्थापक म्हणा. मी हे पद दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या आधी भरेन. एम.एस्सी. झालेला, हातानं काम करायची आवड असलेला माणूस. कोणाचा प्लॉट कुठे आहे, कुणाच्या जाळीशेजारून होडी न्यायची नाही, कुणाचे नमुने कुठल्या डीप फ्रीझरच्या कुठल्या कप्प्यात आहेत, हे सगळं त्याच्या नकाशात आणि वहीत असतं. सहा विद्यार्थी बारा एकरात काम करायला लागले की एकाचा चिखलातला रस्ता दुसऱ्याचा प्रयोग तुडवतो. "इथे जायचं नाही" असं प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यालाही सांगण्याचा अधिकार या माणसाकडे लेखी हवा. आमच्याकडे तो होता, आणि सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकसुद्धा होडीच्या वहीत आधी नाव लिहीत. आपल्याकडे या पदाला तांत्रिक सहायक म्हणून कमी वेतनश्रेणीत बसवतात आणि मग त्याचं कुणी ऐकत नाही. श्रेणी ठरवताना भांडा.

क्षेत्र सहायक. हा काठच्या गावातलाच असावा, आणि यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाची सागरी संस्था 1953 पासून सपेलो बेटावर आहे; खाऱ्या दलदलीचा पायाभूत अभ्यास तिथे झाला. त्या बेटाला पूल नाही, ये-जा नावेनं. अशा ठिकाणी भरती-ओहोटी, वारा आणि खाडीचे फाटे जाणणाऱ्या माणसाशिवाय शास्त्रज्ञ किनाऱ्यावरच उभा राहील. आपल्या तलावावर होडी वल्हवणारा भोई समाजातला माणूस, किंवा तिथेच जनावरं चारून मोठा झालेला मुलगा, हे ज्ञान घेऊनच येतो. गाळ कुठे कमरेपर्यंत आहे, बेशरमीच्या जाळीत कुठे घोणस असते, मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं होतं, हे त्याला विचारा. कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाचं डेल्टा मार्श इथलं क्षेत्रीय केंद्र 1966 पासून चालू होतं. 2011 च्या पुरात मॅनिटोबा सरोवराचं पाणी चढलं आणि त्यानंतर ते बंदच झालं. तुमची प्रयोगशाळा कुठे बांधायची ते आर्किटेक्टनं ठरवण्याआधी या माणसाला बरोबर घेऊन एकदा काठ चालून या. त्याचं नाव नोंदींवर येऊ द्या, लेखाच्या आभारातही आणि काम तेवढं असेल तर लेखकांतही. त्याला दहावीची अट घालून बाहेर ठेवू नका.

काठच्या लोकांचा प्रश्न नोकरीपुरताच नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 मध्ये गुराचराईवर बंदी आली. म्हशी गेल्या की पक्ष्यांचं भलं होईल, असा समज होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं पथक तिथे त्या दशकात सलग अभ्यास करत होतं. त्यांना दिसलं ते उलटंच: चराई थांबल्यावर पास्पालम गवत माजलं, उथळ पाणी त्यानं व्यापलं आणि कितीतरी पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. हे कळलं, कारण बंदीच्या आधी आणि नंतर तीच माणसं त्याच जागी मोजत होती. तुमच्या तलावावरच्या म्हशींना कुंपण घालण्याची कल्पना प्रस्तावात असेल, तर आधी काही वर्षं म्हशींसकट मोजा.

नोंदी सांभाळणारा माणूस. सुरुवातीला वेगळं पद मिळणार नाही, पण काम कुणाच्या तरी आदेशपत्रात लिहिलेलं हवं. वहीचं पान त्याच दिवशी स्कॅन व्हावं. पाऊस झाला नाही तर 0 लिहायचं आणि मोजायला कुणी गेलंच नाही तर रकान्यात "मोजले नाही" असं लिहायचं, हा फरक पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या अंगवळणी पाडा. रिकाम्या रकान्याचा अर्थ आठ वर्षांनी कुणालाही सांगता येत नाही. जेआरएफ जाताना लॅपटॉपमधून केंद्राच्या नोंदी घेऊन जातो आणि मागे काही ठेवत नाही, हे मी दोन्ही देशांत पाहिलंय. नादेय प्रमाणपत्रावर नोंदी सुपूर्द केल्याची सही ठेवा.

विद्यार्थ्यांबद्दल. सहा जेआरएफ म्हणजे खूप हात, पण प्रत्येकाचं डोकं स्वतःच्या प्रबंधात असणार, आणि असायलाच हवं. केंद्राच्या रोजच्या नोंदींचा सगळा भार त्यांच्यावर टाकला तर प्रबंध लिहायच्या वर्षी नोंदी थांबतात. प्रत्येकाला आठवड्यातून एक पहाटपाळी द्या, त्याबदल्यात केंद्राच्या सगळ्या नोंदी त्याला वापरायला खुल्या ठेवा. हा सौदा मुलांना पटतो. आणि पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) भीतीनं त्या दिवशी पाण्याबाहेरचं काम द्यायचं. विजा चमकायला लागल्या की होडी काठाला. हे ठरवण्याचा अधिकारही साइट मॅनेजरचा.

संचालकाचं काम काय, मग? वर सांगितलेल्या माणसांचे पगार वेळेवर होतील हे पाहणं, हे मी सर्वांत वर लिहीन. त्यानंतर जलसंपदा, वन खातं, ग्रामपंचायत आणि सोसायटी यांच्याशी बोलणं. डिझेल, यंत्रं जुळवायला लागणारं बफर द्रावण, होडीची डागडुजी अशा चार-पाच हजारांच्या खर्चाला तीन दरपत्रकं मागवत बसावं लागलं, तर नोंदींत महिनाभराचं भगदाड पडतं. म्हणून साइट मॅनेजरच्या हाती अग्रिम रक्कम ठेवण्याची मंजुरी संचालकानं पहिल्या तिमाहीतच मिळवावी. शोधनिबंध संचालकानं लिहावेतच, पण केंद्र चांगलं चालतंय की नाही हे मी नोंदवही पाहून ठरवते.

तर तुमचा तक्ता मी असा बदलेन. संचालकाला वेगळा पगार नको. असलेल्या प्राध्यापकाकडे पाच वर्षांचा कार्यभार द्या, तसाच उपसंचालकाचाही. शास्त्रज्ञ चाराऐवजी दोन: एक पाणी आणि गाळाचं रसायन जाणणारा, एक वनस्पती-प्राण्यांचा. विद्यापीठात भूगोल किंवा स्थापत्य विभाग असेल तर जलशास्त्राचं काम तिथून जोडून घ्या. त्या दोन पदांच्या पैशांतून एक कायम साइट मॅनेजर, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि काठच्या गावातले दोन क्षेत्र सहायक. दोन यासाठी, की एकाच्या घरी लग्न असलं तरी पहाटेची नोंद होते. जेआरएफ तीन पुरेत. कारकुनाचं पद राहू द्या, पण त्यालाच नोंदींचं काम आदेशपत्रात लिहून द्या आणि त्याचं प्रशिक्षण करा. पहारेकऱ्याची खोली तलावाकाठी बांधा, तिथे वीज, संडास आणि दोन खाटा असू द्या. पहाटपाळीची मुलगी असो वा मुलगा, रात्री तिथे सुरक्षित राहता आलं पाहिजे. इमारतीचा पहिला मजला एक वर्ष लांबला तरी हरकत नाही, ही खोली आधी.

आणि प्रस्ताव वर पाठवण्याआधी वित्त अधिकाऱ्यांची वेळ घ्या. साइट मॅनेजर आणि दोन क्षेत्र सहायक यांचा पगार प्रकल्पाच्या पैशांवर ठेवू नका, विद्यापीठाच्या स्वनिधीतून मागा. प्रकल्प संपला की पहिली कुऱ्हाड याच पदांवर येते. ते "तीन कायम पदं शक्य नाहीत" म्हणाले, तर एकावर या, पण ते एक साइट मॅनेजरचंच असू द्या, आणि सहायकांसाठी निदान पाच वर्षांचा करार मागा. जाहिरात मात्र एप्रिलमध्येच निघेल असं बघा. जूनच्या पहिल्या पावसाआधी माणूस तलावावर रुजू झाला, तर कोरड्या काठापासून भरलेल्या तलावापर्यंतचं पहिलं वर्ष त्याला पूर्ण मिळतं.